शेडमधली डल्सी

क्लॅरी पायबसच्या घरात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. एक स्वयंपाकघरात, फ्रीज आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात. तो त्याच्या बायकोचा, नोएलीनचा, आणि त्यावर विंडोज. दुसरा मागच्या शेडमध्ये, करवती आणि रंगाच्या डब्यांच्या शेजारी. तो क्लॅरीचा, आणि त्यावर लिनक्स. क्लॅरीनं उभा जन्म सफरचंदांच्या शीतगृहांमधली यंत्रं दुरुस्त करण्यात घालवला होता. ज्या वस्तूचं झाकण उघडून आत बघता येत नाही, ती वस्तू त्याला नको असायची. विंडोजचं झाकण उघडत नाही, असं त्याचं म्हणणं. लिनक्सचं उघडतं आणि मग आठ-आठ दिवस बंदच होत नाही, असं नोएलीनचं म्हणणं.

"तुझ्या त्या डब्यावर पत्ते तरी खेळता येतात का?" ती विचारायची.

"पत्ते खेळायला कॉम्प्युटर कशाला लागतो? पत्ते लागतात."

"मग दिवसभर शेडमध्ये बसून करतोस काय?"

"दुरुस्ती."

"अरे, पण बिघडलंय काय?"

तो चहाचा मग उचलून परत शेडकडे चालायला लागायचा. मुळात तो बोलणाऱ्यांतला नव्हेच. लग्नाची मागणीसुद्धा त्यानं शीतगृहाच्या दारात उभं राहून घातली होती आणि "तुझी काही हरकत नसली तर" एवढंच बोलून गप्प झाला होता. पुढचं वाक्य नोएलीननं पूर्ण केलं. तेव्हापासून त्या घरात वाक्यं पूर्ण करायचं खातं तिच्याकडेच होतं.

आता या दोन डब्यांची सोयरीक जुळवायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

नोएलीन पोरवयात फ्रायर्स बेंडच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होती. सफरचंद पातळ कागदात गुंडाळायचं, लाकडी खोक्यात बसवायचं, खोकं इंग्लंडला. पन्नास-पन्नास मुली टेबलांना ओळीनं उभ्या, आणि शनिवारी रात्री त्याच मुली हॉलमध्ये नाचायला. मग इंग्लंडनं आमची सफरचंदं घेणं सोडलं, सरकारनं झाडं उपटायला पैसे दिले, आणि झाडांमागोमाग माणसंही उपटली गेली. कुणी मेलबर्नला गेलं, कुणी क्वीन्सलंडला. नोएलीनची टेबलावरची जोडीदारीण मेव्हिस टिबॉट तर अशी गेली की दोन नाताळांनंतर तिचं कार्डही यायचं थांबलं. आता फ्रायर्स बेंडमध्ये चेरीच्या बागा आहेत, होबार्ट शहरवाल्यांची शनिवार-रविवारची घरं आहेत, आणि तो हॉल तेवढा आहे.

नोएलीनच्या मनानं घेतलं की ऑक्टोबरात, उरल्यासुरल्या झाडांना बहर येतो तेव्हा, त्या हॉलमध्ये जुन्या पॅकिंगवाल्यांचा एक नाच ठेवायचा. हॉलच्या समितीची अध्यक्ष होती रोवेना. होबार्टहून येऊन इथे स्थायिक झालेली, कामसू, बाई म्हणून वाईट नाही, पण तिला शनिवारी हॉल योगासनांसाठी हवा होता.

"येणार कोण, नोएलीन?" तिनं सभेत विचारलं. "मला नावं दे. नावं असतील तर शनिवार तुझा."

नोएलीननं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की नावं आहेत, पण पत्ते नाहीत. ऑगस्टच्या सभेपर्यंत मुदत मिळाली. घरी आल्यावर ती अंगातला कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली.

"कुणीच नाही आलं तर काय रे?" ती म्हणाली. "म्हणजे आम्ही होतो की नव्हतो? झाडं गेली त्याचं मी एवढं नाही वाटून घेतलं. पण कुणाला आठवतच नसेल, तर मला ते सोसणार नाही, क्लॅरी. खरंच नाही सोसणार."

क्लॅरीला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. त्यानं शेगडीत लाकूड सारलं. मग म्हणाला, "वेबसाइट करू."

त्याच्या तोंडून आलेली ही त्या आठवड्यातली सर्वांत मोठी गोष्ट होती.

साइट बनणार शेडमध्ये, फोटो नोएलीनच्या कॉम्प्युटरात, आणि लोक साइट बघणार विंडोजवर, कारण क्लॅरीसारखे वेडे जगात थोडेच. म्हणजे दोन्ही डबे एकमेकांना जोडणं आलं. क्लॅरीनं केबल आणली, कपडे धुवायच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं, आणि केबल कोंबड्यांच्या खुराड्याखालून शेडपर्यंत नेली. पहिली केबल रात्री झाडावरून उतरलेल्या पॉसमनं कुरतडली. दुसरी त्यानं बागेच्या जुन्या नळीतून ओवली. आता तारेत काही दोष नव्हता, तरी डबे एकमेकांना ओळख द्यायला तयार नव्हते. एकाच गावात राहून एकमेकांच्या अंगणात पाय न टाकणारी माणसं असतात, तशातली गत.

क्लॅरी शेडच्या खिडकीतून ओरडायचा, "दिसतंय का?"

नोएलीन स्वयंपाकघरातून विचारायची, "काय दिसायला हवंय?"

"माझं नाव."

"तुझं नाव कशाला दिसायला हवं? आवाज येतोय की."

"स्क्रीनवर बघ बाई, स्क्रीनवर."

"स्क्रीनवर पत्ते आहेत."

असं तीन-चार दिवस चाललं. गटाचं नाव दोन्हीकडे एकच लागतं हे त्याला कळलं. मग तिच्या कॉम्प्युटरचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, मध्ये आला, त्याला समजावलं. मग पासवर्ड जुळेना. पावसाळी गारठ्यात तो शेडमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून शेडमध्ये एवढ्या फेऱ्या मारत होता की कोंबड्यांनी त्याला बघून बाजूला होणं सोडून दिलं. आणि मग एका दुपारी नोएलीनचा आवाज आला, "अरे, शेड दिसतेय. शेड म्हणून लिहिलंय इथे. तूच का हा?"

"मीच."

"मग ये ना आत. चहा झालाय."

तिनं त्या केबलवरून फोटो पाठवले. पॅकिंग शेडमधल्या मुली, ॲप्रन घातलेल्या, रांगेत. मधोमध नोएलीन, एकोणीस वर्षांची, हातात सफरचंद, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावण्यासाठी तोंड उघडलेलं. क्लॅरी त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसला. फोटो लहान करायचा होता, एवढंच काम होतं. पण त्याला वेळ लागला.

पुढचे पंधरा दिवस त्याला फार आवडले, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तो शेडमध्ये पान लिहायचा आणि नोएलीन ते आपल्या कॉम्प्युटरवर उघडायची. त्याच्याकडे सरळ दिसणारं तिच्याकडे तिरपं दिसायचं.

"मेव्हिसचं डोकं उडालंय," ती कळवायची.

"आता?"

"डोकं आलं. पण आता पाय माझ्या डोक्यावर आहेत."

"आता बघ."

"बसली एकदाची. बरी दिसतेय. तुझ्याकडे कशी आहे?"

"बरी आहे."

लग्नानंतर एवढं बोलणं त्या दोघांत कधी झालं असेल असं वाटत नाही. तिला साइट तिच्या खऱ्या नावानं उघडता यावी म्हणून क्लॅरीनं तिच्या कॉम्प्युटरात एक छोटं काम करून ठेवलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात पत्त्यांची एक फाइल असते. एखादं नाव कुठे राहतं हे जगाला विचारायच्या आधी तो त्या फाइलीत बघतो. तिथे पत्ता मिळाला तर बाहेर विचारतच नाही. क्लॅरीनं तिथे एक ओळ लिहिली: आपल्या साइटचं नाव, आणि पत्ता शेडचा. घरातल्या घरात तपासण्यापुरती ही सोय. हीच ओळ त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरातही टाकली होती.

सगळं मनासारखं झाल्यावर त्यानं साइट पेनड्राइव्हवर घेतली. घरचं इंटरनेट इतकं रडतखडत चालायचं की एवढे फोटो चढवता चढवता बहर येऊन गेला असता. तो गाडी काढून ह्युऑनव्हिलच्या लायब्ररीत गेला आणि तिथून साइट इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेवर चढवली. लायब्ररीतल्या पडद्यावर ती उघडून बघितली. खाली अभिप्रायाचं पान होतं, कोरं, 'तुम्ही येणार का? इथे लिहा' असं सांगणारं. येताना त्यानं दोन स्कॅलप पाय घेतले, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेल्या भाजक्या कचोऱ्याच.

"गेली," तो दारातच म्हणाला. "आता जगाला दिसते."

नोएलीननं पाय बाजूला ठेवला आणि आधी साइट उघडली. झटकन उघडली.

"अगं बाई, किती पटकन येते. बाकी सगळं तर रांगत येतं."

क्लॅरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "हलकी बनवलीय," तो म्हणाला. "उगाच नाही पंधरा दिवस लावले."

माणसाला शहाणपणाचा थोडासा वास लागला की तो पुढे हुंगायचं सोडून देतो. शीतगृहात एखादं यंत्र असं कारण नसताना जलद चालायला लागलं असतं, तर क्लॅरीनं तिथल्या तिथे झाकण उघडलं असतं. इथे त्यानं पाय खाल्ला आणि शेडमध्ये गेला.

शेडमध्ये त्याच्याकडे साइटची एक प्रत होतीच. तिच्यावर तो अजून काही ना काही करून बघत होता. बरेच अभिप्राय झाले की दुसरं पान उघडतं का? लांबलचक मजकूर चौकटीबाहेर सांडतो का? त्यासाठी काहीतरी लिहायला हवं, आणि कुणाच्या तरी नावानं लिहायला हवं. मग त्यानं नावं बनवली. 'एडगर. येणार.' 'बिल. येणार, बायकोला आणतो.' 'रॉन. येणार. पाय आणू का?' क्लॅरीची कल्पनाशक्ती इथवरच. पण लांब मजकूर करायची वेळ आली तेव्हा तो अडला. कुठलं तरी यंत्राचं माहितीपत्रक उतरवून काढावं म्हणून त्यानं इकडे तिकडे शोधलं. समोर पडद्यावर तो फोटो उघडा होता. त्यानं डल्सी ब्रॉडरिब असं एक नाव टाकलं, कारण बाईच्या नावानं लिहिणं सोपं वाटलं, आणि लिहीत गेला. चौकट भरली तरी लिहीत राहिला. मजकूर सांडला नाही. शेवटी त्यानं कळ दाबली, ठीक आहे म्हणाला, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.

जुलै सरला. नोएलीन गुणगुणायला लागली होती. क्लॅरीला वाटलं, गुडघ्याचं नवं औषध लागू पडलं असेल.

ऑगस्टच्या सभेच्या दिवशी दुपारी ती चांगला कोट घालून स्वयंपाकघरात उभी होती. टेबलावर छापलेल्या कागदांची एक चळत. सभा चारला, आणि घड्याळात तीन वाजून गेले होते.

"तुला मुद्दामच सांगितलं नाही," ती म्हणाली. "तू नुसतं 'हं' म्हणाला असतास. आज रोवेनाच्या समोर एकदम ठेवणार. बघ."

"काय आहे?"

"नावं. लोकांनी लिहिलंय, क्लॅरी. येतायत ते. बिल म्हणून कुणी बायकोला आणतोय. एक रॉन आहे, तो पाय आणू का विचारतोय, किती साधा माणूस असेल बघ."

क्लॅरीच्या हातातला मग हातातच राहिला.

"आणि ही डल्सी ब्रॉडरिब. दोन दिवस मी डोकं खाजवत होते, कोण ही डल्सी, कुठल्या टेबलाची? मग एकदम आठवली. मोजणीवाल्यांच्या जवळ उभी राहायची. तांबूस केस. नाक जरासं बसकं होतं बिचारीचं. मी कधी तिच्याशी दोन शब्द नीट बोलले नसेन, आणि तिनं बघ माझ्याबद्दल काय काय लिहिलंय." तिनं तो कागद वेगळा काढला होता. त्याला घड्यांच्या खुणा होत्या, म्हणजे तो बऱ्याचदा उघडून मिटला गेला होता. "मी रडले रे वाचून. एवढं कुणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं."

क्लॅरीला एका क्षणात सगळं दिसलं. पत्त्यांची फाइल, तिच्यातली ती ओळ. लायब्ररीतून आल्यावर पुसायची राहिलेली. स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर इतके दिवस जगाकडे गेलाच नव्हता. तो मागच्या दारानं शेडमध्ये जात होता आणि तिथलं सगळं आणून तिच्यापुढे मांडत होता. म्हणूनच तर एवढा पटकन.

गप्प राहावं असं त्याला वाटलं. तो त्यात तरबेज होता. ती सभेत जाईल, कागद ठेवेल, शनिवार मिळेल. आणि मग ऑक्टोबरात ती हिरव्या फांद्यांनी सजवलेल्या हॉलच्या दाराशी उभी राहील, बिलची आणि त्याच्या बायकोची वाट बघत. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यानं हातातला मग टेबलावर ठेवला.

"नोएल," तो म्हणाला, "डल्सी नाहीये."

तिचा हात छातीशी गेला. "वारली?"

"नाही. म्हणजे, ती कधी नव्हतीच."

मग त्याला सगळं सांगावं लागलं, आणि वाक्यंही त्याचं त्यालाच पूर्ण करावी लागली, कारण या खेपेला नोएलीन मदतीला आली नाही. फाइल, ओळ, शेडमधली प्रत, मजकूर सांडतो का ते बघणं. तो बोलत होता आणि ती एकेक कागद टेबलावर पालथा घालत होती.

"एडगर?"

"मी."

"बिल?"

"मीच. बायकोही नाही त्याला."

"तो पायवाला?"

"तोही."

"म्हणजे ऑक्टोबरात हॉलमध्ये तू एकटा येणार आहेस."

"माझं नक्की आहे," क्लॅरी म्हणाला.

ती हसली नाही. खुर्चीत बसली, अंगात कोट तसाच. पहिल्या सभेहून आली होती तेव्हा बसली होती, अगदी तशीच. शिडीवरून पडलो असतो तरी परवडलं असतं, असं क्लॅरीला वाटलं. निदान हाडच मोडलं असतं.

"आणि डल्सीनं लिहिलंय ते?" तिनं विचारलं. "मी दुपारनंतरही गुणगुणायचे, सगळ्या थकल्या तरी. ते?"

"ते खरं आहे."

"निळ्या झग्यात नाचले, आणि दाराशी उभी असलेली पोरं हातातली बिअर विसरली?"

"एक तरी विसरला होता."

"हिरवा होता."

"काय?"

"झगा हिरवा होता, क्लॅरी. निळा मेव्हिसचा."

क्लॅरीनं विचार केला. "हॉलमधले दिवे पिवळे होते," तो म्हणाला.

तिनं तो घडीचा कागद परत हातात घेतला आणि शेवट वाचला. मोठ्यानं नाही, पण क्लॅरीला पाठ होता. 'असं माणूस घरात असणं हे मोठं भाग्य. तिच्या नवऱ्यानं हे तिला कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.' तिनं कागद कोटाच्या खिशात ठेवला.

"आता खरी दाखव."

"काय?"

"खरी साइट. जगाला दिसते ती."

"नोएल, ती रिकामी असेल तर? कशाला उगाच."

"रिकामी तर रिकामी. तुझ्या एडगरची नावं घेऊन रोवेनासमोर उभी राहणार नाही मी. उघड."

तो तिच्या कॉम्प्युटरसमोर बसला. फाइल शोधली. ती ओळ तिथेच होती, आपलं काम इमानेइतबारे करत. त्यानं ती पुसली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, साइटचं नाव लिहिलं. काही झालं नाही. मग वरचं शीर्षक हळूच सरकत आलं. मग अर्धा फोटो, मुलींची फक्त डोकी. नोएलीन मागे उभी होती आणि तिचा हात त्याच्या खुर्चीच्या पाठीवर होता. साइट आज पहिल्यांदाच बाहेरून, लांबचा प्रवास करून येत होती, बाकी सगळ्यांसारखी रांगत.

अभिप्रायाचं पान उघडायला इतका वेळ लागला की क्लॅरीनं मनातल्या मनात ते कोरं असल्याचं मान्यही करून टाकलं.

ते कोरं नव्हतं. गावाचं नाव शोधता शोधता माणसं तिथे येऊन पोचली होती. मिल्ड्युराहून दोघी बहिणी होत्या. शेपर्टनहून एक खोकी ठोकणारा होता, त्यानं आपल्या तुटलेल्या बोटाचीही आठवण दिली होती. एकानं इंग्लंडातून लिहिलं होतं की त्याचा बाप बंदरावर ही खोकी उतरवायचा, आम्हीही आलो तर चालेल का? खाली अजून होते, आणि त्याखालीही. राहायची सोय काय, होबार्टहून बस आहे का, जेवण कोण करणार, असे प्रश्न विचारून विचारून माणसं थकली होती, कारण उत्तर कुणीच देत नव्हतं.

आणि सगळ्यांत वर, परवाच्या तारखेचा:

'नोएलीन, हा माझा तिसरा निरोप. तू उत्तर देत नाहीस, म्हणजे एक तर तू माझ्यावर रागावली आहेस, किंवा तू राहिलेली नाहीस. रागावली असलीस तर समजू शकते, पत्रं मीच थांबवली. आमचे दिवस वाईट होते आणि मला काय लिहावं सुचेना. राहिली नसलीस, तर हे वाचणाऱ्यानं मला कृपा करून फोन करून कळवावं. मग मी लिहिणं बंद करीन. मेव्हिस टिबॉट, बंडाबर्ग.' खाली नंबर.

नोएलीननं ते वाचलं. परत वाचलं. क्लॅरीला वाटलं आता ती आपल्याला बोलेल, आणि बोलावंच तिनं. पण ती सरळ भिंतीवरच्या फोनपाशी गेली. तिचं बोट दोनदा चुकीच्या आकड्यावर पडलं. क्लॅरी उठला, त्यानं तिच्यासाठी नंबर फिरवला आणि तो बाजूला उभा राहिला.

"मेव्हिस?" ती म्हणाली. गालावरून पाणी ओघळत होतं ते तिनं पुसलंही नाही. "मीच. हो गं, मीच. नाही, रागावले नाही. मेलेही नाही. माझा नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करत होता."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, तो क्लॅरीलासुद्धा ऐकू आला. चाळीसएक वर्षांपूर्वी टेबलाच्या टोकाला ऐकू यायचा, तोच.

सभेला ती उशिरा पोचली, आणि खरे कागद घेऊन पोचली. रोवेनानं सगळे वाचले. शेपर्टनच्या बोटाची हकिगत तिनं दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाली, "योगासनं शुक्रवारीही होतात," आणि जेवणाच्या यादीत आधी स्वतःचं नाव लिहिलं. मागच्या बाकावर बसलेल्या क्लॅरीकडे कुणी बघितलं नाही, तेच त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून नोएलीन उत्तरं लिहीत बसली होती. एकेकाला नावानिशी, उशीर झाल्याबद्दल माफी मागून. कारण विचारलं तर सांगायची तिनं पुरी तयारी ठेवली होती. क्लॅरी टोस्टवर व्हेजीमाइट लावत होता आणि आपलं पुढे काय होणार याचा अंदाज घेत होता. काल सभेहून आल्यापासून ती त्याला नावानं हाक मारत नव्हती.

"क्लॅरी," ती वळून म्हणाली.

"हं."

"सगळ्यांचं आलंय इथे. मेव्हिसचं आहे, मिल्ड्युराचं आहे, इंग्लंडचंसुद्धा आहे. एकीचं नाही."

"कुणाचं?"

"डल्सीचं."

"नोएल, सांगितलं ना तुला. डल्सी नाहीये."

"ते कळलं मला. मग जो आहे त्यानं लिहावं."

क्लॅरीनं टोस्ट खाली ठेवला. "तिथे? मेव्हिस वाचेल ते. रोवेना वाचेल. अख्खं गाव वाचेल."

"वाचू दे."

"तुझ्याजवळ कागद आहे ना. खिशात."

"तो डल्सीचा आहे," नोएलीन म्हणाली. "मला तिची आठवण काय करायची? बसक्या नाकाची कुणी बाई." आणि ती परत कॉम्प्युटरकडे वळून टाइप करायला लागली.

तो कोंबड्यांमधून शेडकडे गेला. आपल्या कॉम्प्युटरातलीही ती ओळ आधी पुसली, खात्रीसाठी दोनदा बघितली. मग खरी साइट उघडली आणि ती येईपर्यंत करवतींची धार तपासत बसला. नावाच्या चौकटीत त्यानं लिहिलं, क्लॅरी पायबस. तेवढं लिहूनच त्याचे कान तापले. खालचं सगळं त्याला पाठ होतं, तरी एकेक अक्षर शोधून लिहावं लागलं. झग्याचा रंग बदलला. शेवटच्या वाक्याशी थांबला. 'तिच्या नवऱ्यानं हे तिला कधी सांगितलं असेल असं वाटत नाही.' ते त्यानं खोडलं आणि तिथे लिहिलं, 'हे तिला आधीच सांगायला हवं होतं.'

कळ दाबली. मजकूर निघाला. शेडमधून स्वयंपाकघरात जायला त्याला आता केवढा मोठा वळसा होता. क्लॅरीनं शेडची खिडकी उघडली. बाहेर गारठा होता, नदीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं.

"दिसतंय का?" त्यानं हाक दिली.

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेतून त्याला तिची पाठ दिसत होती. ती पडद्याजवळ वाकली होती आणि एक हात तोंडावर होता.

"नोएल, दिसतंय का?"

"येतंय रे," तिचा आवाज आला. "हळूहळू येतंय."

क्लॅरी खिडकीशी थांबला. त्याला काही घाई नव्हती.